नवीन फिश टँक, आठ दिवसांत चार मासे गेले. सायकल म्हणजे नेमकं करायचं काय? (लातूर)

खतं_बियाणं_लातूर
रविवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. लेक चौथीत आहे, तिच्या वाढदिवसाला दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक आणला आणि मासे पण त्याच दिवशी आणले, तीन गोल्डफिश आणि दोन काळ्या मॉली. दुकानदार म्हणला पाणी भरा, अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, अर्ध्या तासानं मासे सोडा. चौथ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं झालं. परत दुकानात गेलो तर म्हणला सगळं पाणी फेका, खडे धुवा, फिल्टरचा स्पंज नळाखाली चांगला पिळून काढा आणि हे निळं औषध टाका. सगळं केलं. सहाव्या दिवशी सकाळी एक गोल्डफिश तळाला आडवा, बाकीचे दोघं वर येऊन तोंड उघडझाप करायलेत, कल्ले लालभडक. आज आठवा दिवस, तिन्ही गोल्डफिश गेले, एक मॉली गेली. एकच मॉली उरलीय, लेकीनं तिचं नाव काजळ ठेवलंय आणि दुपारपासून लेकरू टँकसमोरून उठंना.

पाणी घरच्या बोअरचं आहे. लई जड, तुरीची डाळ शिजत नाही त्यात, स्वयंपाकाला आम्ही जार घेतो. इथले जुने धागे वाचले तर प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच, सायकल केली का. माझं खताचं दुकान आहे, शास्त्र समजून घ्यायला मी कंटाळत नाही, पण कुणीतरी पहिल्यापासून सांगा. काजळ वाचली पाहिजे.

परभणीचा_टँकवाला
रविवार, रात्री ११:२५

दादा, आधी काजळचं बघू, शास्त्र नंतर.

साबण कधीच न लागलेला एक टब घ्या, वीसेक लिटरचा. त्यात तुमचंच बोअरचं पाणी, टँकच्या पाण्याइतकंच कोमट-गार. एअर पंप असेल तर त्याचा दगड टबात सोडा. काजळला जाळीनं हळू काढून तिकडं ठेवा, वरून जाळी झाका कारण मॉली उडी मारते. आज आणि उद्या खायला काही देऊ नका, मासा दोन दिवस उपाशी राहिला तर मरत नाही, उलट त्याची घाण कमी होते. रोज अर्धं पाणी बदला. आणि वीस लिटरला अर्धा चमचा खडे मीठ विरघळवून घाला, आयोडीन नसलेलं. तिनं नायट्राइट (माशाच्या घाणीतून तयार होणारं विष) सोसलेलं असणार, मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यातून आत जाऊ देत नाही. रोज जेवढं पाणी बदलाल तेवढ्यापुरतंच मीठ नवीन घालायचं, पूर्ण वीस लिटरचं नाही. मॉलीला मीठ चालतं, काळजी नको. निळ्या औषधाच्या पाण्यात अजिबात ठेवू नका.

हे आत्ता करा, मग खालचं वाचा.

मासा कल्ल्यातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच. नदीत, तळ्यात हा अमोनिया खाणारे जिवाणू दगडाला, मातीला, शेवाळाला चिकटून असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते. अमोनिया विष, नायट्राइटही विष, नायट्रेट त्या मानानं सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. नव्या टँकमध्ये हे जिवाणू नसतातच. त्यांना वस्ती करायला चार ते सहा आठवडे लागतात, कधी आठही. ती वस्ती होऊ देणं म्हणजे सायकल करणं. ती तयार व्हायच्या आत मासे सोडले की ते स्वतःच्याच घाणीत भाजून निघतात, लाल कल्ले त्याचेच.

तुमच्याकडं तर जी थोडीफार सुरुवात झाली असेल ती पण स्पंज पिळून आणि निळं औषध घालून गेली. ते औषध मिथिलीन ब्ल्यू असणार, ते या जिवाणूंनाही मारतं. तुमची चूक नाही दादा, हे कुणी सांगतच नाही. आणि पाणी पांढरं झालं ते वेगळ्याच जिवाणूंमुळं, पहिल्या आठवड्यात होतंच, हात न लावता चार-पाच दिवसांत आपोआप निवळतं.

अजून एक. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतंच, अँटी-क्लोरीनची तुम्हाला गरजच नव्हती.

खतं_बियाणं_लातूर
सोमवार, सकाळी ६:१५

काजळ टबात आहे, जिवंत आहे. रात्री बाराला सोडलं, आत्ता बघितलं तर तळाला बसलेली नाही, पोहायलीय. लेक उठायच्या आत सांगतो म्हणलं.

सर, तुम्ही जे सांगितलं ते तर मी रोज दुकानात शेतकऱ्याला सांगतो! कच्चं शेणखत टाकलं की पीक का जळतं, तर त्यातला अमोनिया. युरिया टाकला की पिकाला लगेच लागत नाही, आधी त्याचा अमोनिया होतो मग जमिनीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, मग मूळ ते घेतं. म्हणजे टँकमध्ये पण तीच साखळी? मग प्रश्न असा की मासे न सोडता जिवाणूंना खायला काय द्यायचं? माझ्याकडं युरियाची गोणीच आहे, चिमूटभर टाकला तर?

परभणीचा_टँकवाला
सोमवार, सकाळी ८:०५

बरोबर धरलंत, तीच साखळी. फक्त युरिया नको.

एक तर युरियाचा अमोनिया व्हायला वेळ लागतो, तोवर टेस्टमध्ये काही दिसत नाही, माणूस अजून टाकतो आणि मग एकदम वर जातो. दुसरं कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, गोणीवर काय लिहिलंय बघा.

खतं_बियाणं_लातूर
सोमवार, सकाळी ८:२०

नीम कोटेड!! २०१५ पासून सगळाच युरिया नीम कोटेड येतो आणि तो कशासाठी तर जमिनीत नायट्रेट होण्याची क्रिया सावकाश व्हावी म्हणून. म्हणजे जे जिवाणू वाढवायचेत त्यांनाच मी दाबून धरलं असतं. दहा वर्षं हे शेतकऱ्याला सांगतोय आणि टँकपाशी आलं की डोक्यात आलं नाही.

प्रयोगशाळा_नांदेड
सोमवार, दुपारी २:४०

मी शाळेत विज्ञान शिकवते. भाऊ, तुम्हाला हवी ती वस्तू नवसागर. कल्हईवाले भांडं तापवून त्यावर पांढरी पूड टाकून कापसानं फिरवायचे ना, धूर निघायचा, तोच. अमोनियम क्लोराइड. फक्त बाजारातला खडा नवसागर घेऊ नका, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. शाळा-कॉलेजला केमिकल पुरवणाऱ्या दुकानात शुद्ध मिळतो, छोटी बाटली पुरते.

हिशोब असा. तुमच्या टँकमध्ये काठोकाठ ५६ लिटर बसतं, खडे आणि वरची रिकामी जागा सोडून ५० धरा. १० ग्रॅम नवसागर १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि लेकीचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. त्यातलं ३० मिली ५० लिटरला घातलं की अमोनिया साधारण २ पीपीएम (लिटरमागे २ मिलीग्रॅम) होतो. एवढा पुरे. चार-पाचच्या वर नेला तर काम लवकर होत नाही, उलट अडतं.

हे जिवाणू तुमच्या शेतातलेच नातेवाईक आहेत बरं का. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास मातीतूनच ते वेगळे करून दाखवले. नायट्राइट खाणारे जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर असं पाठ्यपुस्तकात असतं, मीही वर्गात तेच सांगायचे, पण १९९८ मध्ये टँक तपासले तेव्हा गोड्या पाण्यात ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं.

आणि टेस्ट किट घ्याच. कागदी पट्टी नको, थेंबांची घ्या. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच चारही. किटशिवाय हे सगळं अंधारात चाचपडणं आहे.

धाराशिवकर
सोमवार, रात्री ९:१०

मला हे जरा जास्तच वाटायलंय. आमच्या वाड्यात हौदात वीस वर्षं गप्पी मासे आहेत. आरोग्य खात्यानं डासांसाठी दिले होते, कुणी सायकल केली नाही, टेस्ट केली नाही, फिल्टर नाही, लाईट नाही. मासे जगतात. उगाच नवीन माणसाला घाबरवू नका.

परभणीचा_टँकवाला
सोमवार, रात्री ९:५५

धाराशिवकर भाऊ, तुमचा हौद किती लिटरचा? दोन-तीन हजार तरी असेल. आतल्या भिंतीवर हिरवं शेवाळ आहे का? तळाला गाळ आहे का? तोच तुमचा फिल्टर, फक्त त्याला वीस वर्षं झालीत. पहिले गप्पी सोडले ते बोटाच्या पेराएवढे, मूठभर, एवढ्या पाण्यात त्यांचा अमोनिया कुठं जाणवणार. शेवाळ तो तसाच खाऊन टाकतं. तुमच्या हौदाची सायकल झालेली आहे, कुणी बघितली नाही इतकंच. ५० लिटरच्या काचेत तीन गोल्डफिश म्हणजे वेगळी गोष्ट. गोल्डफिश हा खादाड मासा, वीतभर वाढतो, घाण तेवढीच करतो. दादांच्या टँकमध्ये एकही गोल्डफिश बसत नाही खरं तर.

धाराशिवकर
सोमवार, रात्री १०:३०

हौद चार हजारचा आहे आणि शेवाळ म्हणाल तर हात घातला की गुळगुळीत. पटलं. हौद घासायचा नाही एवढं आजोबा बजावून सांगायचे, का ते आज कळलं.

मंजिरी_संभाजीनगर
मंगळवार, सकाळी ११:००

माझा अनुभव नळाचं पाणी वापरणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आलं की सगळी पिंपं भरून ठेवायची. सायकल पूर्ण झाली होती, दोन महिने सगळं छान होतं. एक दिवस पाणी आलं आणि वाटलं ताजं पाणी आहे तर बदलून टाकू, नळाची पाइप थेट टँकमध्ये सोडली, जवळजवळ पाऊण टँक. त्या दिवशी क्लोरीनचा वास हाताला येत होता तरी लक्षात आलं नाही. अर्ध्या तासात मासे काठाला. पिंपातलं आधीचं पाणी घालून मासे वाचवले पण तीन दिवसांनी अमोनिया दिसायला लागला, म्हणजे फिल्टरमधले जिवाणू पण गेले होते.

तेव्हापासून पिंप उघडं ठेवून एक दिवस जाऊ देते किंवा अँटी-क्लोरीन घालते, मगच टँकमध्ये. टँकरचं पाणी असेल तर त्यातही ब्लीचिंग पावडर असते, तेही तसंच.

खतं_बियाणं_लातूर
शुक्रवार, रात्री १०:१०

किट आलं. नवसागर मिळाला. टँकमधलं निळं पाणी सगळं काढून टाकलं, खडे नुसत्या बोअरच्या पाण्यानं धुतले, काचेला लावलेल्या रबराचा कोपरा निळाच राहिलाय, तो जात नाही. फिल्टर आणि एअर पंप चालू, मासा नाही. ३० मिली घातलं.

पहिलं रीडिंग. पीएच ८.२. अमोनिया २. नायट्राइट ०. नायट्रेट मात्र ४० आणि ८० च्या मधला रंग यायलाय. पहिल्याच दिवशी कसं काय? म्हणून नुसत्या बोअरच्या पाण्याची टेस्ट केली तर त्यात पण तेवढंच.

काजळ बरी आहे, कालपासून चिमूटभर खायला देतोय.

परभणीचा_टँकवाला
शनिवार, सकाळी ७:३०

बोअरची वेगळी टेस्ट केली हे फार चांगलं केलं, तो आकडा लिहून ठेवा. आपल्या भागात विहिरी-बोअरला नायट्रेट असतंच, ते टँकनं तयार केलेलं नाही. तुमची सायकल पुढं सरकली की नाही ते नायट्रेटवरून कळणार नाही, अमोनिया आणि नायट्राइट बघत जा.

आता तुमच्या जड पाण्याबद्दल. डाळ शिजत नाही ते पाणी जिवाणूंना लई मानवतं. हे जिवाणू काम करताना पाण्यातला बायकार्बोनेट खर्च करतात आणि आम्ल तयार होतं. तुमच्या पाण्यात बायकार्बोनेटचा साठा मोठा, त्यामुळं पीएच पडत नाही. वाईट बाजू अशी की पीएच जास्त असला की अमोनिया जास्त विषारी. पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग शंभरात एकाच्याही आत, ८ ला जवळपास दहापट. त्यामुळंच तुमचे गोल्डफिश इतक्या लवकर गेले, जारच्या पाण्यात कदाचित दोन आठवडे ओढले असते. मॉलीला मुळात जड पाणीच आवडतं, काजळ टिकली त्यातलं अर्धं श्रेय तुमच्या बोअरला.

उदगीरचा_विद्यार्थी
शनिवार, दुपारी ४:१५

सर, मग माझं इथंच अडलंय का? मी रूमवर २५ लिटरचा टँक ठेवलाय, फायटर माशासाठी. शुद्ध पाणी पाहिजे म्हणून सगळा टँक आरओच्या जारनं भरला. पाच आठवडे झाले, अमोनिया ४ वरून हलत नाही. बाटलीतले जिवाणू पण दोनदा आणून ओतले. आता कंटाळा आलाय.

परभणीचा_टँकवाला
शनिवार, सायंकाळी ६:४०

पीएच किती आहे बघून सांग.

उदगीरचा_विद्यार्थी
शनिवार, सायंकाळी ७:०५

किटवरचा सगळ्यात खालचा रंग येतोय, ६.

परभणीचा_टँकवाला
शनिवार, सायंकाळी ७:३०

बस, तेच. आरओचं पाणी प्यायला ठीक पण त्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं. सुरुवातीला जिवाणूंनी थोडं काम केलं, त्यातून आम्ल झालं, थोपवायला काही नव्हतं म्हणून पीएच कोसळला आणि सहाच्या आसपास ते कामच थांबवतात. बाटल्या ओतून उपयोग नाही, त्यांना जगायला जमीनच नाही.

आत्ता मासा नाही ना आत? मग निम्मं पाणी काढ आणि बोअरचं किंवा नळाचं पाणी घाल, नळाचं असेल तर क्लोरीन घालवून. मासा असता तर मी असं एकदम सांगितलं नसतं, कारण पीएच वर गेला की तोच ४ पीपीएम अमोनिया एकदम जहाल होतो.

उदगीरचा_विद्यार्थी
रविवार, सकाळी ९:००

केलं सर. पीएच ७.४ झाला. धन्यवाद, कुणीच हे सांगितलं नव्हतं.

खतं_बियाणं_लातूर
पुढचा शनिवार, रात्री ९:३०

आठ दिवस झाले, अमोनिया २ चा २ च. काहीच हलंना. लेक रोज शाळेतून आली की परीक्षानळी हातात घेते, पांढऱ्या कागदासमोर धरते आणि "अजून हिरवंच" (म्हणजे अमोनिया आहेच) म्हणून वहीत लिहिते. माझं काही चुकतंय का?

परभणीचा_टँकवाला
शनिवार, रात्री १०:००

चुकत काही नाही, पहिले आठ-दहा दिवस असेच जातात. लवकर व्हायचं असेल तर विरजण लावा. लातुरात कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. ओला ठेवूनच आणायचा, पिशवीत थोडं पाणी आणि बाकी हवा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही. तो मळकट, चिकट, तपकिरी दिसतो, धुवायचा मोह आवरा. फक्त ज्या टँकमध्ये हल्ली मासे आजारी पडलेत त्यातला घेऊ नका, रोग पण सोबत येतो.

औसारोडकर
शनिवार, रात्री १०:४०

दादा मी लातुरातच आहे, धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय. माझा टँक तीन वर्षांचा, मॉली आणि गप्पीच आहेत. उद्या सकाळी या, अर्धा स्पंज कापून देतो.

खतं_बियाणं_लातूर
बुधवार, रात्री ८:५०

औसारोडकर भाऊ, तुमचे उपकार. रविवारी स्पंज फिल्टरमध्ये बसवला आणि आज बारावा दिवस, नायट्राइटची नळी निळीची जांभळी झाली! अमोनिया १ वर आलाय. लेकीनं वहीचं पान जांभळ्या खडूनं रंगवलंय.

एक शंका, लाईटचं काय? आमच्याकडं लाईट जाते ती कधी दोन तास, कधी चार.

औसारोडकर
बुधवार, रात्री ९:२०

जिवाणूंना पाणी आणि हवा दोन्ही लागतं. शेतीच्या भाषेत सांगायचं तर स्पंजला कायम वाफसा पाहिजे. पाणी फिरायचं थांबलं की आतली हवा संपते आणि ते गुदमरायला लागतात. म्हणून मी बंद डब्याचा फिल्टर वापरतच नाही, साधा स्पंज फिल्टर, एअर पंपावर चालणारा. तो टँकच्या पाण्यात उघडाच असतो, लाईट गेली तरी बराच वेळ तग धरतो. पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलाय, वीज तो काहीच खात नाही. आणि उन्हाळ्यात टँकचं पाणी तिशीच्या वर गेलं की पाण्यात हवा मुळातच कमी मावते, तेव्हा हे जास्त सांभाळायचं. एप्रिल-मेमध्ये कूलरची हवा टँकच्या वरच्या पाण्यावरून जाईल असं ठेवा. त्यानं पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर तेवढी जारच्या पाण्यानं करा, बोअरच्या नको.

खतं_बियाणं_लातूर
पुढचा बुधवार, रात्री १०:००

एकोणिसावा दिवस. अमोनिया रोज संध्याकाळी घालतो, सकाळी ०. पण नायट्राइट एकदम गडद जांभळं, पाचच्या वर, चार दिवस झाले तिथंच.

प्रयोगशाळा_नांदेड
बुधवार, रात्री १०:३५

दुसरी जात पहिलीपेक्षा सावकाश वाढते, म्हणून मध्ये नायट्राइटचा ढीग साठतो आणि फार साठला की त्यांनाच जड जातं. निम्मं पाणी बदला आणि नवसागर दिवसाआड, तोही निम्माच. स्पंजला हात लावू नका.

खतं_बियाणं_लातूर
बुधवार, रात्री १०:५०

बदलतो. पाणी फेकायचं म्हणलं की जिवावर येतं, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते दिवस आम्ही काढलेत. पण हे पाणी कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घालतोय, नायट्रेटचं पाणी आहे, फुकटचं खत.

प्रयोगशाळा_नांदेड
गुरुवार, सकाळी ७:१०

भाऊ, तुमचा तो बोअरचा नायट्रेटचा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ४५ मिलीग्रॅम ही मर्यादा आहे, तुमचा रंग ४० ते ८० च्या मधला. घरात किंवा गावाकडं सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे का कुणाचं, जे वरच्या दुधावर आहे? मोठ्या माणसाला पटकन काही होत नाही, पण एवढ्या लहान बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी करतं, ओठ, नखं निळी पडतात. तुमच्या गोल्डफिशचं रक्त नायट्राइटनं जसं बिघडतं, अगदी तोच प्रकार. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं तसं ते वाढतं.

खतं_बियाणं_लातूर
गुरुवार, सकाळी ७:२५

मॅडम, भावाचं बाळ चार महिन्यांचं आहे. गावाकडं असतं, पावडरचं दूध, शेतातल्या बोअरच्या पाण्यात. उकळून. आम्हीच सांगितलं होतं चांगलं दहा मिनिटं उकळा म्हणून. किट घेऊन निघालो.

खतं_बियाणं_लातूर
गुरुवार, दुपारी १:४०

गावातून लिहितोय. ओसरीवर बसून टेस्ट केली. नायट्रेटची दुसरी बाटली किटमध्ये लिहिलंय तशी अर्धा मिनिट जोरात हलवली, मग थेंब, मग एक मिनिट नळी हलवली, मग पाच मिनिटं थांबलो. आई, भाऊ, वहिनी सगळे नळीकडं बघायलेत. पिवळ्याचं नारिंगी झालं आणि नारिंगीचं लाल. घरच्या बोअरपेक्षा गडद. बोअर सोयाबीनच्या रानात आहे, उकिरडा वीस पावलांवर, आणि त्या रानात खत माझ्याच दुकानाचं जातं.

बाळाचे ओठ, नखं बघितली, गुलाबी आहेत, हसतंय. तरी संध्याकाळी डॉक्टरांकडं नेतोय. आजपासून दुधाला आरओचं पाणी.

प्रयोगशाळा_नांदेड
गुरुवार, दुपारी २:१५

बरं केलं गेलात ते. आता त्या बोअरच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या. टँकचं किट अंदाज देतं, गावाला सांगायचं तर छापील रिपोर्ट लागतो. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा, मोटर पाच मिनिटं चालवून मग.

खतं_बियाणं_लातूर
पुढचा गुरुवार, रात्री ९:१५

आधी बाळाचं. डॉक्टर म्हणले ठणठणीत आहे, पाणी बदललं ते योग्य केलं. रिपोर्ट आला, नायट्रेट ७१. तो ग्रामपंचायतीत दिलाय, शेजारच्या तीन वस्त्यांवरचे नमुने पण याच आठवड्यात देणार आहोत. उकिरडा हलवायचं काम कालपासून सुरू केलं. दुकानात सोयाबीनला युरिया मागणाऱ्याला मी आता आधी गाठी दाखवायला सांगतो. मुळाला गाठी चांगल्या असतील तर त्यातले जिवाणूच हवेतला नत्र पिकाला देतात, वरून युरिया कशाला ओतायचा, जे पिकाला लागत नाही ते पावसात खालीच जातं.

आता टँक. सत्ताविसावा दिवस. काल रात्री नऊला ३० मिली घातलं, पूर्ण २ पीपीएम. आज रात्री नऊला अमोनिया पिवळाधमक, शून्य. नायट्राइट आकाशी निळा, शून्य. दोनदा केली टेस्ट.

परभणीचा_टँकवाला
गुरुवार, रात्री ९:४०

झाली सायकल! चोवीस तासांत दोन्ही शून्य म्हणजे पक्की. आता निम्म्याहून जास्त पाणी बदला, नायट्रेट बरंच साठलं असेल. तुमच्या बोअरलाच नायट्रेट आहे म्हणून निम्मं बोअरचं, निम्मं जारचं मिसळून घ्या, पूर्ण जारचं नाही, उदगीरच्या पोराचं काय झालं लक्षात असू द्या. मग काजळला टबातून हलवा. एकदम नाही, वाटीनं टँकचं पाणी टबात घालत घालत, तासभर तरी. मासा सोडला नाही तर जिवाणू उपाशी राहतात, उद्याच हलवा. आणि मनीप्लांटची एक फांदी फक्त मुळं पाण्यात बुडतील अशी टँकच्या काठाला अडकवा, नायट्रेट ओढून घेतं ते.

उदगीरचा_विद्यार्थी
शुक्रवार, सकाळी ८:००

माझा पण अमोनिया उतरलाय सर, १ वर आलाय, नायट्राइट चालू झालं.

खतं_बियाणं_लातूर
पुढचा रविवार, सायंकाळी ६:३०

काजळला टँकमध्ये नऊ दिवस झाले. रोज टेस्ट केली, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, पीएच ८. नायट्रेट ३० च्या आसपास. मनीप्लांटला पाण्यात पांढरी नवी मुळं फुटलीत, सुतळीएवढी, काजळ दिवसभर त्यांच्यातच असते आणि मुळांवरचं काहीतरी टिपत राहते. आज पहिल्यांदा स्पंज काढला, बादलीत टँकचंच पाणी घेऊन त्यात दोनदा दाबला, नळाखाली नाही. लेक शेजारी उभी राहून बघत होती, मी जोरात पिळतो का ते.

तिला अजून मॉली पाहिजेत. औसारोडकर भाऊ, तुमच्याकडच्या दोन माद्या द्याल का, दुकानातून नको वाटतं. दोन्ही एकदम नको, एक पुढच्या रविवारी आणि दुसरी त्यानंतर तीन आठवड्यांनी, मधल्या रीडिंग बघून.